पाच टनांचा आस



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला सातवीत गणित शिकवलं. त्यांच्या उदाहरणातली आगगाडी कधी ताशी साठ मैलांनी धावली नाही. पुस्तकात साठ असले तरी फळ्यावर ते बारा लिहीत आणि म्हणत, "आपल्या गाडीचं गणित करा. मुंबईच्या गाडीचं मुंबईची पोरं करतील." सगळा वर्ग हसायचा. मीही हसायचो. आज बार्शीच्या त्याच बारा मैलांच्या छोट्या गाडीवर तासभर बोलायचं आहे, तेव्हा आधी त्या हसण्याचाच हिशेब चुकता करतो.

छोट्या गाडीवरचा एक विनोद तुम्हा सगळ्यांना पाठ असेल. चढ आला की माणसं खाली उतरायची, शेतातला हरभरा उपटायची आणि चालत जाऊन पुन्हा आपल्याच डब्यात बसायची. मी हा विनोद येडशीत ऐकला, मूर्तिजापूरला ऐकला, माथेरानला ऐकला. वेल्समधल्या एका म्हाताऱ्याने तोच मला इंग्रजीतून सांगितला. त्याच्या गोष्टीत हरभऱ्याच्या जागी रानफुलं होती, एवढाच फरक. विनोदाला माझी हरकत नाही. पण त्यापायी एक गोष्ट कायमची मागे पडली. ही गाडी अशी का बांधली, कुणी बांधली आणि तिच्यात अक्कल किती होती, हे कुणी विचारलंच नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईहून सोलापूरकडे जी. आय. पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा मोठा रस्ता गेला. बार्शी त्या रस्त्यापासून वीस-बावीस मैल आत राहिली. इथे कापसाची पेठ, गळिताच्या धान्याची पेठ, आणि माल स्टेशनात न्यायचा तो बैलगाडीतून. कापूस बैलगाडीतून नेणं म्हणजे काय, ते इथल्या जुन्या घरांना सांगायला नको. पावसाळ्यात रस्ता बंद, उन्हाळ्यात धूळ, आणि वर्षभर भाडं गाडीवानाच्या मर्जीवर. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा एक इंग्रज इंजिनिअर १८८२ मध्ये याच जी. आय. पी. रेल्वेत लोकोमोटिव्ह इन्स्पेक्टर म्हणून आला. मोठ्या रस्त्याला छोटे फाटे जोडले तर अशा पेठा जगतील, हे त्याच्या डोक्यात बसलं. पुढे त्याने नोकरी सोडली. सरकारी परवानगी आणि भांडवल यांच्या मागे त्याची बरीच वर्षं गेली, आणि १८९५ मध्ये लंडनमध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी उभी राहिली. १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आपली कुर्डुवाडी, ते बार्शी अशी गाडी सुरू झाली. रुळांमधलं अंतर अडीच फूट.

आता जरा फळ्याकडे बघा. गुरुजी असते तर त्यांनी इथे खडू मागितला असता.

रूळ किती जाड हवा, हे गाडी किती लांब आहे त्यावर ठरत नाही. एका आसावर, म्हणजे चाकांच्या एका जोडीवर, जास्तीत जास्त किती भार येतो त्यावर ते ठरतं. त्या काळच्या बहुतेक लहान रेल्वेंची गंमत अशी की इंजिन जड आणि वाघिणी हलक्या. (मालडब्याच्या इंग्रजी नावाची आपल्या लोकांनी 'वाघीण' केली. मराठीने रेल्वेला दिलेला याहून सुंदर शब्द मला माहीत नाही.) मग व्हायचं असं की जाड, महाग रूळ विकत घ्यायचे ते एकट्या इंजिनासाठी. मागच्या वाघिणी त्याच रुळावरून निम्मीअर्धी ताकद वापरून जाणार. घराला सागाची तुळई घालायची आणि तिच्यावर परकर वाळत घालायचा, त्यातला प्रकार.

कॅलथ्रॉपने नियम केला की या रस्त्यावर कोणत्याही आसावर पाच टनांहून जास्त भार येणार नाही. इंजिन असो, वाघीण असो, नियम एकच. त्यामुळे यार्डाला जेमतेम ३० पौंड वजनाचा रूळ पुरला. मग इंजिन जोरकस कसं करायचं? त्याचं वजन जास्त चाकांवर वाटून. लीड्सच्या किटसन कंपनीने बार्शीसाठी जी पहिली इंजिनं बनवली, त्यांना ओढणारी आठ चाकं एकमेकांना जोडलेली होती आणि मागे आणखी चार. एकूण सहा आस, प्रत्येकावर पाच टनांच्या आत. वाघिणीही तशाच. चार आसांच्या, लांब, घडवलेल्या पोलादी सांगाड्याच्या; भरल्यावर वीस टनांपर्यंत जाणाऱ्या. म्हणजे रूळ जेवढा सोसतो तेवढा त्याला पुरेपूर कामाला लावायचा. रुळावर घातलेला पैसा कुठेही झोपून राहू द्यायचा नाही.

ही नुसती कागदावरची हुशारी नव्हती. गाडी बोटीवर चढवण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथे कंपनीने रूळ टाकले, त्यावर इंजिनं आणि वाघिणी चालवून दाखवल्या आणि रेल्वेतल्या जाणकारांना पाहायला बोलावलं. जगात छोट्या रेल्वेचं शास्त्र ज्या चार-सहा ठिकाणी घडलं, त्यांतलं एक नाव बार्शी आहे. आपल्या गावच्या वेशीवर तसा फलक मी अजून पाहिलेला नाही.

कॅलथ्रॉप माणूस वल्ली होता. त्याने अरबी घोडे पाळले, घोड्यांवर पुस्तक लिहिलं. मित्र चार्ल्स रोल्स, म्हणजे रोल्स-रॉईसमधला रोल्स, १९१० मध्ये विमान कोसळून गेला. त्यानंतर कॅलथ्रॉप पॅराशूटच्या मागे लागला आणि 'गार्डियन एंजल' नावाचं पॅराशूट त्याने तयार केलं. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांना मात्र ते मिळालं नाही. १९२७ मध्ये तो वारला. त्याच वर्षी आपली गाडी मिरजेला पोचली.

मधले टप्पे भराभर सांगतो. १९०६ ला पंढरपूर. १९११ ला लातूर, म्हणजे निजामाच्या मुलखात. १९२७ ला मिरज. एकूण २०२ मैल. १ जानेवारी १९५४ ला ती सरकारने विकत घेतली आणि कागदावरची 'बार्शी लाइट' संपली. तोंडातली संपली नाही.

पंढरपूरवर थोडं थांबतो. कापसासाठी बांधलेल्या गाडीला विठोबाने वेगळंच काम दिलं. आषाढीला वारकरी डब्यात मावेनात तेव्हा टपावर, पायरीवर, दोन डब्यांच्या मधल्या कपलिंगवर बसत. माझ्या लहानपणी आजी एकादशीला निघाली की घरातला मोठा कुणीतरी तिला कुर्डुवाडीपर्यंत सोडायला जायचा. गाडीत जागा धरण्यासाठी नव्हे, परत घरी येऊन "बसली" एवढं सांगण्यासाठी. एका आसावर पाच टन हा नियम करणाऱ्या माणसाने आषाढीची एक गाडी पाहिली असती, तर त्याने काय केलं असतं कोण जाणे.

आता बार्शीची वाट इंग्लंडात जाते. स्टॅफर्डशायरमध्ये मॅनिफोल्ड नावाची नदी आहे. तिच्या खोऱ्यातली गावं रेल्वेपासून तुटलेली होती. तिथे छोटी रेल्वे बांधायची ठरली तेव्हा इंजिनिअर म्हणून बोलावणं आलं ते कॅलथ्रॉपला. लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वे जून १९०४ मध्ये सुरू झाली. तीही अडीच फुटी, इंजिनं पुन्हा किटसनची. डब्यांना टोकाला व्हरांडे. पिवळसर रंग. आणि इंजिनांवर भलेमोठे कंदील, जे तिथे कधी लावायची गरजच पडली नाही. इंग्लंडच्या धुक्यात ही गाडी उन्हाळी देशातून वाट चुकून आल्यासारखी दिसायची. मोठ्या रेल्वेच्या भरलेल्या वाघिणी अख्ख्याच्या अख्ख्या आपल्या पाठीवर वाहून नेणारी खास गाडी कॅलथ्रॉपने तिथे बनवली, म्हणजे जंक्शनवर माल उतरवून पुन्हा चढवायचा त्रास टळला. आपल्या कुर्डुवाडीत मात्र पोत्यामागून पोतं हमालाच्या पाठीवरून गेलं.

ती रेल्वे तीस वर्षं जगली. नेण्यासारखा माल म्हणजे दूध, आणि दूध पुढे लॉरीने नेलं. मार्च १९३४ मध्ये ती बंद झाली. रूळ उपटले. तिची दोन इंजिनं होती, त्यांतल्या एकाचं नावच 'ई. आर. कॅलथ्रॉप' होतं. दोन्ही भंगारात गेली. १९३७ पासून त्या जागी पायवाट आहे. बार्शीची धाकटी बहीण तीस वर्षांत गेली, थोरली शंभरी ओलांडून चालली. याचं उत्तर शास्त्रात सापडत नाही. शास्त्र दोघींचं एकच होतं. एकीच्या वाटेवर माणसं आणि माल होता, दुसरीच्या वाटेवर नव्हता.

आणि ज्या देशाने मॅनिफोल्ड हातची घालवली, त्याच देशाने सोळा-सतरा वर्षांत जुनी रेल्वे जगवायचं तंत्र शोधून काढलं. ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

वेल्समध्ये पाटीच्या दगडाच्या खाणी आहेत. आपल्या पाट्या, त्यांच्या घरांची छपरं. तो दगड डोंगरावरून बंदरावर आणण्यासाठी १८३६ मध्ये फेस्टिनिओग रेल्वे बांधली, रुळांतलं अंतर जेमतेम दोन फूट. उतार सबंध रस्ताभर असा राखला की भरलेल्या वाघिणी स्वतःच्या वजनाने खाली येत, आणि रिकाम्या वर न्यायला घोडे. खाली येताना ते घोडेही गाडीतच एका खास डब्यात उभे राहून यायचे. १८६३ मध्ये तिथे वाफेचं इंजिन आलं. इतक्या अरुंद रुळावर इंजिन चालणार नाही, असं तोवर बऱ्याच शहाण्यांचं मत होतं. १८६९ मध्ये रॉबर्ट फेअरलीच्या नमुन्याचं दुतोंडी इंजिन आलं, 'लिटल वंडर', आणि ते बघायला रशियापासून माणसं आली. छोट्या रेल्वेची सगळी खानदानी कुंडली तिथून सुरू होते. आपलं दार्जिलिंग १८८१ चं, माथेरान १९०७ चं.

फेस्टिनिओगच्या दक्षिणेला टाल्लिन नावाची अगदी गरीब रेल्वे होती. १८६५ ची, सव्वादोन फुटी. तिच्या मालकाने, सर हेन्री हेडन जोन्सने, शब्द दिला होता की मी जिवंत आहे तोवर गाडी चालेल. त्याने शब्द पाळला, आणि १९५० च्या जुलैमध्ये तो गेला. तेव्हा रेल्वेची अवस्था अशी की स्लीपर कुजलेले आणि रुळांना जागेवर धरून ठेवलेलं ते गवताने. चालतं इंजिन एकच, 'डोलगॉख'. त्या ऑक्टोबरात टॉम रोल्ट नावाच्या लेखकाने बर्मिंगहॅमच्या एका हॉटेलात सभा बोलावली. मालकाच्या विधवेने शेअर एका संस्थेच्या नावे केले, आणि मे १९५१ मध्ये जगातली पहिली, हौशी माणसांनी चालवलेली जतन-रेल्वे धावली. शेजारी बंद पडलेल्या कॉरिस रेल्वेची दोन इंजिनं त्यांनी २५-२५ पौंडांना घेतली. पाठोपाठ बंद पडलेली फेस्टिनिओगही पुन्हा उभी राहिली. तिच्या रस्त्यातला एक तुकडा जलविद्युत प्रकल्पाच्या तलावाखाली गेला होता. स्वयंसेवकांनी डोंगर फोडून नवा रस्ता केला आणि १९८२ मध्ये गाडी पुन्हा वरच्या टोकाला नेली. २०२१ मध्ये हा सगळा पाटीच्या दगडाचा मुलूख युनेस्कोच्या यादीत गेला.

हे ऐकून आपल्या लोकांचा पहिला उद्गार ठरलेला: "त्यांना कदर आहे, आपल्याला नाही." मला हे वाक्य आळशी वाटतं. टाल्लिनवर कुदळ मारायला आलेली माणसं त्या गाडीवर अवलंबून नव्हती. शनिवारी बर्मिंगहॅमहून यायची, रविवारी परत जायची. त्यांच्या घरातलं बाळंतपण त्या गाडीवर अडलेलं नव्हतं. लातूरच्या माणसाचं अडलेलं होतं. मुंबईला केईएम रुग्णालयात जायचं तर रात्री छोट्या गाडीत बसायचं, कुर्डुवाडीला पेशंटला उचलून दुसऱ्या फलाटावर न्यायचं आणि मोठ्या गाडीत जागा मिळाली तर मिळाली. म्हणून २००८ मध्ये कुर्डुवाडी-लातूर ब्रॉडगेज झाली तेव्हा पेढे वाटले गेले, आणि वाटले ते बरोबरच होतं. छोट्या गाडीवर प्रेम करणाऱ्या माझ्यासारख्यांनी हे आधी मान्य करावं, मग पुढे बोलावं.

विदर्भातल्या 'शकुंतला' या छोट्या गाडीची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर हा १८९ किलोमीटरचा रस्ता किलिक निक्सनच्या छत्राखालच्या खासगी कंपनीने कापसासाठी बांधला. बाकी सगळं राष्ट्रीय झालं तरी मालकी कंपनीचीच राहिली आणि सरकार भाडं देत राहिलं. १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन होतं, मग डिझेल आलं. आता गाडी बंद आहे. म्हणजे टाल्लिनसारखी खासगी मालकीची रेल्वे महाराष्ट्रात होती. पण तिथल्या लोकांनी आंदोलनं केली ती गाडी पुन्हा सुरू करा, मोठी करा, म्हणून. त्यांना दवाखान्यात, कॉलेजात, बाजारात जायचं होतं. त्यांना दोष देणारा मी कोण?

म्हणून माझा मुद्दा गाडी वाचवा असा नाही. गाड्या गेल्या. जे गेलं नाही आणि आत्ता, या दहा-पंधरा वर्षांत जाणार आहे, त्याबद्दल मला बोलायचं आहे.

वाफेचं इंजिन ही वस्तू कमी आणि सवय जास्त. सकाळी सातची गाडी असेल तर आगवाल्याला रात्रीच शेडमध्ये यावं लागतं. थंड बॉयलर घाईने तापवला तर पत्रा एकीकडे ताणतो, दुसरीकडे नाही, आणि नळ्या गळू लागतात. पाणी कठीण असेल तर आत थर बसतो. ठरावीक दिवसांनी बॉयलर रिकामा करून धुवायचा. आगीच्या पेटीच्या छतात शिशाची डाट असते. पाणी फार खाली गेलं की ती वितळते, वाफ आगीवर येते आणि स्फोट टळतो. पण ज्याच्या पाळीत ती वितळली, त्याची शेडमधली अब्रू गेली. ब्रिटनमध्ये हौशी रेल्वेवर बॉयलरला साधारण दहा वर्षांचं 'तिकीट' मिळतं. ते संपलं की इंजिन पार उकलायचं, नळ्या काढायच्या, तपासायचं, पुन्हा बांधायचं. फेस्टिनिओगच्या बोस्टन लॉज कारखान्यात ही उकलाउकल चालू राहिली, म्हणूनच त्यांना १९९२ मध्ये नवं दुतोंडी इंजिन बांधता आलं. जुनं जपलं म्हणून नवं जमलं.

आपल्याकडे हे जमत नाही असं समजू नका. निलगिरीच्या गाडीसाठी तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्याने याच शतकात नवी वाफेची इंजिनं बांधली. रेवाडीच्या शेडमध्ये १८५५ ची 'फेअरी क्वीन' वाफेवर चालती ठेवली. जिथे रोजचं काम ठेवलं, तिथे हात राहिले. माथेरानला डिझेल आलं आणि ऑरेन्स्टाइन अँड कोपेलची वाफेची इंजिनं सेवेतून गेली. तीव्र वळणं घेता यावीत म्हणून त्यांच्या चाकांना बाजूला सरकण्याची खास सोय होती. त्यांतलं एक आज ब्रिटनमध्ये जपलेलं आहे. इकडे आपण काय केलं? ठिकठिकाणी इंजिनं चौथऱ्यावर चढवली. काळा रंग, लाल पट्टा, भोवती लोखंडी कुंपण, बाजूला सेल्फीची जागा. नागपूरला मोतीबागेत छोट्या रेल्वेचं चांगलं संग्रहालय आहे, ते जरूर पाहा. पण चौथऱ्यावरच्या इंजिनात बहुतेक वेळा पाऊस आत शिरायला वाट असते आणि बाहेर पडायला नसते. वरून चकचकीत, खालून पोकळ. वाफेचा मुखवटा चढवलेल्या विजेच्या आणि डिझेलच्या गाड्याही आता निघाल्या आहेत. त्यांच्या धुराबद्दल मी काही बोलत नाही. नातवंडांना आवडतात.

मग काय करायचं? माझी मागणी लहान आहे. कुर्डुवाडीच्या कारखान्यात, शेडमध्ये काम केलेली माणसं अजून हयात आहेत. फिटर, बॉयलरमेकर, आगवाले, रूळ राखणारे गँगमन. त्यांच्याकडे नकाशे नाहीत. ज्ञान आहे ते अंगात आहे. कुठला बोल्ट किती आवळायचा, येडशीच्या चढावर वाळू कधी सोडायची, पावसाळ्यात पांगरीजवळ माती कुठे खचते, हे कुठल्याही सरकारी फाइलीत नाही. दर रविवारी कुणीतरी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसावं आणि मोबाइलवर ते बोलतील ते रेकॉर्ड करावं. निबंध लिहायला सांगू नका, ते लाजतील. इंजिनाजवळ न्या.

न्यायचं का म्हणता, तर दोन वर्षांपूर्वी मी असा एकाला नेला होता. वय ऐंशीच्या पुढे, कानाने जरा कमी. एका स्टेशनबाहेर, नाव घेत नाही, चौथऱ्यावर एक इंजिन उभं आहे. आजोबांनी काठी टेकत त्याला एक चक्कर मारली, मग दुसरी. रंगाकडे बघितलंसुद्धा नाही. डाव्या बाजूला चाकाजवळ थांबले. वाकले. वाल्वच्या दांड्यावर बोट फिरवलं आणि म्हणाले, "उलटा बसवलाय."

मी म्हटलं, "आजोबा, आता ते चालणार थोडंच आहे?"

त्यांना ऐकू आलं नसावं. कुंपणाबाहेर रिक्षावाले उभे होते, त्यांच्याकडे वळून त्यांनी विचारलं, "पाना आहे का रे कुणाकडे?"